शेवंताचा राखणदार

घशाच्या गावात आधीपासून एक रीत होती: पेशीच्या पोटातला जनुकांचा धागा तुटला की तिचा आतला राखणदार म्हणायचा, "ऊठ बाई," आणि ती मुकाट्याने मरायची. गोदाक्का नावाच्या पेशीने मात्र आपल्या राखणदाराचा गळाच दाबला आणि लेकींची गाठ करून वाट अडवली.

मग कर्करोगाचं औषध आलं. भराभर वाढणाऱ्या प्रत्येकीचा धागा ते तोडत सुटलं. गोदाक्काचा तुटला, तसा घशाचं अस्तर विणणाऱ्या कष्टाळू शेवंताचाही.

"अहो, माझं काय चुकलं?" शेवंता दचकली.

"माझं काम धागा तोडायचं. मरायचं जिचं तिने," औषध म्हणालं.

शेवंताचा राखणदार पुटपुटला, "ऊठ बाई."

"आणि गोदाक्का?"

"तिला सांगणारं कोण उरलंय?"

शेवंता उठली.

"गुणाची होती हो पोर," गोदाक्का म्हणाली आणि रिकाम्या जागेवर तिने आपली धाकटी लेक बसवली.