राजाच्या पोटातली वाट

एका राज्यात एक राजा एकटाच जेवत असे. पूर्वी त्याच्या पंगतीला माणसे मावत नसत. पण एकदा भर मेजवानीतून त्याने कौंडल नावाच्या भुकेल्या मांत्रिकाला हाकलले. जाता जाता मांत्रिक म्हणाला, "राजा, तू जेवशील, पण खाल्लेले तुझ्या अंगी लागणार नाही."

तसेच झाले. राजा पोटभर जेवे आणि वाळत जाई. शापाची बाधा होईल म्हणून लोकांनी त्याची पंगत सोडली. जवळ उरली ती एक लेक, पयोष्णी.

एके सकाळी खिडकीतली साळुंकी तिला म्हणाली, "शाप पोटात बसला आहे. आत तिघांनी काम टाकले आहे. त्यांना कामाला लावशील, तर राजा जगेल."

"आणि मी परत येईन?"

"ते मला ठाऊक नाही, बाई."

साळुंकीने पंख फिरवला. पयोष्णी तिळाएवढी झाली आणि बापाच्या घासाबरोबर आत गेली.

तोंडात दाढा स्वस्थ बसल्या होत्या. "एकटा माणूस चावत नाही, नुसता गिळतो," त्या म्हणाल्या. पयोष्णीने दळणाची ओवी धरली. दाढा जात्यासारख्या फिरू लागल्या, लाळ सुटली, घास मऊ झाला. घशात श्वासाच्या वाटेवर झाकण पडले आणि अन्ननलिकेने तिला हळूहळू ढकलत खाली नेले.

खाली जठर अंधारात गप्प पडले होते. "माझा रस कडक. सोडला तर मीच जळेन."

पयोष्णीने त्याच्या भिंतीवरचा बुळबुळीत लेप हाताला चोळला आणि हात आंबट रसात बुडवला. हात जळला नाही.

"वेडा कुठला! हा लेप तुझ्याच अंगचा आहे."

जठर लाजले आणि घुसळू लागले.

पुढे लहान आतडे. यकृताकडून कडू पित्त आले, स्वादुपिंडाचा रस आला, अन्न पातळ झाले. वाट लांब, वळणावळणाची. भिंतींना मखमलीसारखी इवली इवली बोटे, सगळी मिटलेली. वरून बापाच्या हाका ऐकू येत होत्या. ती ओ देई, पण तिचा आवाज वरपर्यंत पोचत नव्हता. इतके एकटे तिला कधीच वाटले नव्हते.

"बोटांनो, उघडा."

"जो आपणहून आपले रूप सोडील, त्याच्यासाठीच उघडू."

"मग मी उरणार नाही?"

"रक्त होशील."

वरची हाक क्षीण होत चालली होती. "घ्या मला," ती म्हणाली.

बोटे उघडली. तिच्यामागून अन्नाचा सारा कस रक्तात उतरला. उरलेला चोथा मोठ्या आतड्याकडे गेला. त्याने त्यातले पाणी शोषून घेतले आणि बाकीचे बाहेर टाकले.

राजाच्या गालांवर रंग चढला. पण लेक कुठे दिसेना. साऱ्या महालात हिंडून तो तिच्या रिकाम्या पाटाशी बसला आणि रडला. आसवांचे पाणीही रक्तातूनच येते. पहिल्याच थेंबातून पयोष्णी उतरली आणि भुईला पाय टेकताच पूर्वीएवढी झाली.

"कुठे होतीस, बाळे?"

"सांगते, तात. आधी जेवायला वाढा. फार भूक लागली आहे."

राजाने आपल्या हाताने तिला वाढले. मग महालाची दारे उघडून भुकेल्यांना हाका मारल्या. कौंडल सर्वांत शेवटी, चाचरत आला. राजाने त्याला आपल्या शेजारी बसवले. पयोष्णी केव्हाची जेवत होती. सावकाश, एकेक घास नीट चावून.