पालथं पातेलं

करवंदवाडी नावाच्या एका गावात सगुणाक्का नावाची एक मायाळू बाई राहत होती. गावात कुणी नुसतं शिंकलं, तरी अक्का समाचाराला हजर! हातात पेजेचं पातेलं, आणि बसायची ती थेट आजाऱ्याच्या उशाशी. पदराने त्याचं तोंड पुसायची, आणि तोच पदर खोचून पुढच्या घरी जायची.

एका वर्षी तापाची साथ आली. गावच्या रीतीप्रमाणे सगळे सगळ्यांच्या समाचाराला गेले, आणि आठ दिवसांत निम्म्या गावाने अंथरूण धरलं. भिकोबा वैद्य घरोघर फिरून मेटाकुटीला आले.

शेवटी ते म्हणाले, "अक्का, रागावू नका. आधी तुम्ही जाता, दोन दिवसांनी तुमच्यामागून ताप जातो."

"म्हणजे मी माणसं मारते होय?" अक्का कडाडली. "जळलं मेलं तुमचं वैद्यपण!"

पण त्याच संध्याकाळी येसूबाईला ताप भरला. येसूबाई म्हणजे अक्काची जिवाभावाची मैत्रीण, घरात एकटीच. परवाच अक्का एका आजाऱ्याच्या उशापासून उठून तशीच तिच्याकडे पान खायला गेली होती. अक्काला वैद्यांचे शब्द आठवले.

दुसऱ्या दिवशी तिने पातेलं येसूबाईच्या ओट्यावर ठेवलं आणि रस्त्यावरून हाक मारली, "येसू, मी आत यायची नाही! पेज संपली की पातेलं पालथं घाल, म्हणजे मला कळेल."

लोक म्हणाले, अक्काची माया आटली. अक्काने निमूट ऐकून घेतलं. भांडण न करता ऐकायची तिची ही पहिलीच वेळ.

दोन दिवस पातेलं पालथं दिसलं. तिसऱ्या दिवशी पेज तशीच! अक्काचा एक पाय पायरीवर गेलासुद्धा. पण तिने तो मागे घेतला आणि धावत जाऊन वैद्यांना गाठलं. वैद्य नाकातोंडाला उपरणं बांधून आत गेले. येसूबाई ग्लानीत होती. औषध वेळेवर पोटात गेलं आणि ती वाचली.

"साठ घरं हिंडता हिंडता, ज्याला खरी गरज त्याच्याकडे मी शेवटी पोचायचो," वैद्य म्हणाले. "तुमच्या पातेल्याने मला शहाणं केलं, अक्का."

मग प्रत्येक आजाऱ्याच्या ओट्यावर पातेलं आलं. पालथं दिसलं की वैद्य पुढे जायचे. भरलेलं दिसलं की आधी त्या घरात शिरायचे. समाचार मात्र रस्त्यावरून, घसा ताणून!

साथ ओसरता ओसरता अक्कालाही ताप आला. सकाळी दार उघडते तर ओट्यावर अकरा पातेली! रस्त्यावर अर्धं गाव, दोन-दोन हात अंतर सोडून उभं.

"सगळी पालथी घातल्याशिवाय आम्ही हलत नाही!" येसूबाई ओरडली.

"अगं, माझं पोट आहे की पेव?" अक्का दारातूनच म्हणाली, आणि डोळे पुसत तिने पहिलं पातेलं उचललं. आत मात्र कुणीही पाऊल टाकलं नाही.

तात्पर्य: माया असावीच, पण साथीच्या दिवसांत खरी माया तीच, जी उंबऱ्याबाहेर थांबते आणि वैद्याला वेळेवर आत धाडते.