झाकळ नावाची मुलगी

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ठाऊक नव्हतं. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी, कारण यातली चूक मोठ्यांचीच आहे.

एका घाटाच्या तोंडाशी एक गाव होतं. चारी दिशांचे तांडे त्या घाटातून चढत-उतरत. कोणी घोडे विकायला येई, कोणी खजूर, कोणी मीठ. माल पुढे जाई, पण कधीकधी एखादी लेक मागे राही, गावात सून होऊन. त्यामुळे गाव मराठी, पण आया नाना मुलखांच्या. पाणवठ्यावर भांडण लागलं की जी ती आपल्या माहेरच्या भाषेत सुरू होई, आणि बाकीच्यांची फुकटची करमणूक होई.

या गावात मुलीचं नाव आभाळ बघून ठेवत. मूल जन्मलं तेव्हा बाहेर जशी हवा असेल तसं नाव. ते निवडायचा मान आईचा, आणि निवडायचं तिच्या माहेरच्या भाषेत. बारशाला आई ते आत्याला सांगे. आत्या बाळाच्या कानाशी ‘कुर्रर्र’ करी, नाव घाली, आणि मग साऱ्या गावाला अर्थासकट ऐकवी.

अर्थ सांगावाच लागे हो. तमिळ मुलखातल्या सुनेनं लेकीचं नाव तेन्ड्रल ठेवलं, तेव्हा बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या. मग विचारलं, तर म्हणाली, आमच्याकडे दक्षिणेच्या मंद झुळकेला म्हणतात. खजूरवाल्यांच्या लेकीनं अरबीतलं दीमा ठेवलं. त्याचा अर्थ निघाला गडगडाट न करता शांत पडत राहणारा पाऊस. आणि घोडेवाल्यांच्या लेकीनं ठेवलं शबनम. फारसीत शबनम म्हणजे दव, हे कळलं आणि गावानं घरोघर गूळ वाटला.

गूळ वाटण्याचं कारण साधं होतं. या गावाची जमीन काळी, आणि पीक रब्बीचं, हरभरा आणि शाळू. पाऊस निघून गेला की या पिकांना वरून मिळतं ते दवच. म्हणून शबनम चालायला लागली तसा दर पेरणीला पहिली मूठ धरायचा मान तिचा. हरभरा फुलला की पानांवरचं आंबट पाणी टिपायला रात्रभर फडकी पसरून ठेवत, आणि सकाळी पहिलं फडकं पिळायला बोलावणं शबनमलाच येई. पोरगी गुणी होती, डोक्यात हवा गेली नाही, हे तिच्या आईचं नशीब.

आता दुसऱ्या मुलीकडे येऊ.

शबनमच्याच वयाची एक मुलगी गावात होती. तिची आई मीठ आणणाऱ्या गुजराती तांड्याबरोबर आलेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, मराठीचे चार शब्द जेमतेम जिभेवर बसले होते. बाळंतपण तिला जड गेलं. बारशाच्या दिवशीही ती उठून बसू शकली नाही. नणंदेनं कान जवळ नेला, तिनं एकच शब्द सांगितला, ‘झाकळ’, आणि थकून डोळे मिटले. त्यानंतर ती फार दिवस जगली नाही.

आत्याबाईंनी नाव ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी अर्थ विचारला नाही. विचारायचं काय त्यात? झाकळ म्हणजे आभाळ भरून येणं, उजेड मावळणं, अंधारी येणं. शेंबड्या पोरालाही कळतं. ज्या गावात हरभऱ्याच्या फुलावर ढग आले की अळी पडते आणि घाटे, म्हणजे त्याच्या शेंगा, पोकळ होतात, त्या गावात बाईनं लेकीचं नाव ठेवावं झाकळ! पण आईचा शब्द मोडायची रीत नव्हती. आत्याबाईंनी ओठातल्या ओठात ‘कुर्रर्र’ केलं आणि गूळ तसाच डब्यात ठेवला.

पोरगी मोठी झाली ती हाडतूड ऐकत. कोणाच्या अंगणात पापड वाळत असले की तिला लांबूनच सांगत, बाई गं, पलीकडून जा. पेरणीच्या दिवशी तिनं घरात बसायचं. हिवाळ्यात ढग दिसला की आयाबाया आधी आभाळाकडे बघत आणि मग तिच्याकडे. ती वाईट वागली असती तर निदान तेवढं तरी निमित्त झालं असतं. ती कोणाच्या अध्यात ना मध्यात.

मग एक वर्ष असं आलं की हरभरा ऐन फुलात असताना आभाळ भरलं आणि हलेचना. पाऊसही नाही आणि ऊनही नाही. दव पडायचं थांबलं, पानापानावर हिरवी अळी चढली. आता अशा वेळी काय करावं? भल्या पहाटे रानात जावं, झाडं हलवून अळी फडक्यावर पाडावी, पाखरांना बसायला वावरात काठ्या रोवाव्यात. हे त्या गावाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सगळे चावडीवर बसले होते. रोज सकाळी बसत आणि बोलणं फिरून त्या पोरीच्या नावावर येई.

शेवटी पाटलांनी निवाडा दिला. येत्या बाजाराच्या दिवशी मुलीनं आपलं नाव एका मडक्यात पुटपुटावं, मडकं डोहात बुडवावं, आणि उज्ज्वला हे नवं नाव घ्यावं. घ्यायचं नसेल तर बापलेकींनी गाव सोडावं. नाव बुडवायचा हा असा सोहळा आधी कधी झाला नव्हता, पण ठरवायला लागतं काय?

मुलगी घरी आली आणि चुलीपाशी बसून राहिली. बापानं भाकरी पुढे सरकवली, तिनं हात लावला नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “नाव टाकीन मी. पण आईनं मला दिलेलं तेवढंच आहे. तिनं तेच का ठेवलं, ते सांगा. मी तिला नकोशी होते का?”

बापानं इतकी वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं ते तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, तू जन्मलीस तेव्हा आभाळात ढग नव्हता, लख्ख पहाट होती. मग ही बाई झाकळ का म्हणाली, याचा मी रोज विचार करतो. तिला बहुतेक माझ्या घरात सुख नव्हतं. परकी माणसं, परकी बोली, त्यात मी शेतात राबणारा, दोन शब्द नीट न बोलणारा. तिच्या मनावर जे दाटून आलं होतं तेच तिनं तुला दिलं असेल. दोष तुझा नाही, माझा आहे.

दोघंही रडली. म्हणजे नावानं खाल्लं होतं ते एकट्या पोरीला नव्हे, बापालाही.

दुसऱ्या दिवशी शबनम भेटायला आली. ती सारखी विचारत होती की काही करता येईल का. बोलता बोलता आपल्या बारशाची गंमत सांगू लागली. आईच्या तोंडून ऐकलेली होती. नाव ऐकून सारा गाव कसा बुचकळ्यात पडला, आणि अर्थ विचारून विचारून आईचा जीव कसा खाल्ला. सांगता सांगता ती थांबली.

“अगं, माझ्या आईला सगळ्यांनी विचारलं. तुझ्या आईला कोणी विचारलं होतं का?”

झाकळ उठली आणि सरळ घाटाच्या पायथ्याशी गेली, जिथं तांडे उतरत.

मिठाचे बैल नुकतेच आले होते. दर वर्षीच येत. गावातली माणसं त्यांच्याकडून मीठ घेत, घासाघीस करत, पोराबाळांची चौकशी करत. हा एक शब्द मात्र कोणी कधी विचारला नव्हता, कारण कळलेलं कोण विचारतो? झाकळनंही आजवर विचारला नव्हता. तीही या गावचीच.

एक म्हातारी गोण्यांच्या सावलीला बसली होती. मुलीनं आपलं नाव सांगितलं तशी म्हातारी हसली आणि तिनं तिची हनुवटी धरली.

“दीकरी, लेकी, फार गोड नाव. माझ्या नातीचं पण हेच.”

मुलीला वाटलं, आपली थट्टा चालली आहे. तिनं अर्थ विचारला. म्हातारीची मराठी मोडकी. तिनं डोकं खाजवलं, बोटं नाचवली, पण हवा तो शब्द काही सापडेना. मग तिनं वर आभाळाकडे हात केला.

“आज दाखवता नाही येणार. ढग आहेत ना. ढग असले की झाकळ येत नाही. वारा फिरलाय, रात्री आभाळ मोकळं होईल. पहाटे ये.”

ढग असले की झाकळ येत नाही. मुलगी हे वाक्य घोकत घरी गेली. तिला काही उमगलं नाही, पण पहिल्यांदाच तिला सकाळची घाई झाली.

म्हातारीचा अंदाज बरोबर निघाला. पहाटे आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. म्हातारीनं मुलीचा हात धरला आणि तिला तिच्या बापाच्याच हरभऱ्यात नेलं. वावर ओलं होतं. पानापानावर थेंब लागले होते. म्हातारीनं एका झाडावरून तळहात फिरवला आणि ओला हात मुलीच्या दोन्ही गालांवरून पुसला.

“ही झाकळ,” ती म्हणाली.

मुलगी पळतच घरी आली. बाप दारात बसून फडक्यानं तोंड पुसत होता. तिनं आपले ओले हात त्याच्या गालाला लावले.

“बाबा, मी जन्मले तेव्हा बाहेर दव होतं का?”

बापाला आठवलं. बाळ झाल्याची खबर घेऊन सुईण बाहेर आली, तेव्हा तो गोठ्यापाशी उभा होता आणि त्याचे पाय घोट्यापर्यंत भिजले होते. तो आत गेला तशी बायकोनं खिडकीबाहेर बोट दाखवलं होतं आणि ती हसली होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, ती आपल्याकडे बघून हसली. आता कळलं, ती त्याला नाव दाखवत होती. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं, आणि तो माणूस लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडला.

बाजाराचा दिवस उजाडला. चावडीवर मडकं आणून ठेवलं होतं. मुलगी आली, मागे बाप, त्यांच्यामागे काठी टेकत म्हातारी आणि शबनम. मुलीनं सांगितलं, माझं नाव गुजराती आहे आणि त्याचा अर्थ दव. म्हातारीनं मान डोलावली. मग कोणीतरी म्हणालं, अर्थ असेल तो असो, आपल्या कानाला ते वाईटच लागतं; मडकं आणलंच आहे तर बुडवून टाकू.

तेव्हा शबनम पुढे आली.

“मग दोन मडकी आणा. तिचं नाव आणि माझं नाव एकच आहे. एकीला मूठ आणि एकीला डोह, असं कसं चालेल?”

पाटलांनी मडकं उलटं करून ठेवलं. आत्याबाई मागच्या रांगेत होत्या. त्या पदर सावरत पुढे आल्या, चावडीच्या पायरीवर उभ्या राहिल्या, आणि बारशाला गिळलेले शब्द त्यांनी साऱ्या गावाला मोठ्यानं ऐकवले: माझ्या भाचीचं नाव झाकळ, आणि झाकळ म्हणजे दव. मग घरी जाऊन गूळ आणला. खूप उशिराचा गूळ होता, तरी मुलीनं आधी त्यांनाच भरवला.

आभाळ काही तिच्या नावानं आलं नव्हतं, आणि तिच्या नावानं गेलंही नाही. ते वाऱ्यानं आलं, वाऱ्यानं गेलं. पण गाव चावडीवर बसलेला असताना अळीनं आपलं काम चोख केलं होतं. त्या वर्षी बहुतेकांच्या घाट्यांत दाणा नव्हता. ज्यांना चावडीवर कोणी बसू देत नव्हतं ती बापलेक तेवढी रोज रानात होती, म्हणून त्यांचं वावर वाचलं. पुढच्या पेरणीला गावानं बी मागितलं ते त्यांच्याच दारात, आणि पहिली मूठ दोघींनी मिळून धरली.

तेव्हापासून त्या गावात नवी रीत पडली. नाव कितीही ओळखीचं असो, आत्यानं ‘कुर्रर्र’ करण्याआधी आईला विचारायचंच, “म्हणजे काय गं?” एकदा एका कानडी सुनेनं लेकीचं नाव मंजू ठेवलं. मंजू म्हणजे गोड, हे कोणाला माहीत नाही? बायका माना डोलवू लागल्या होत्या. पण बारशाला झाकळ आत्या म्हणून बसली होती. तिनं विचारलं. सून लाजत म्हणाली, आमच्याकडे धुक्याला मंजू म्हणतात, आणि ही झाली तेव्हा समोरचा डोंगरही दिसत नव्हता.

म्हणून सांगतो बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो: न कळलेलं तर सगळेच विचारतात, जे कळलंय असं वाटतं, तेच आधी विचारावं.