पैलवानाच्या लेकीची बेंबी

नदीकाठच्या एका गावात हिंदुराव नावाचा पैलवान होता. गडी असा की, कुस्तीच्या हौद्याच्या तांबड्या मातीत उतरला की समोरच्याची पाठ टेकवूनच श्वास घ्यायचा. पण धीर म्हणाल तर औषधालाही नाही. भाकरी तव्यावरून थेट उचलायचा आणि मग बोटं फुंकत बसायचा. त्याचे वस्ताद त्याला सांगून सांगून थकले होते की, बाबा, थांबणं म्हणजे झोपणं नव्हे, नजर जोडीदाराच्या कमरेवर ठेवून थांबायचं असतं. हिंदुराव मान डोलवायचा आणि पुढच्याच क्षणी झेप टाकायचा.

त्याला लेक झाली. नाव ठेवलं तानी. पैलवान नुसता हरखून गेला! पण नाळ पडली आणि तानीची बेंबी फुगून वर आली. पोर रडली की ती सुपारीएवढी व्हायची, निजली की आत जायची. झालं, पैलवान दिसेल त्याला उपाय विचारत सुटला. त्यात त्याच्या आत्याबाईनं तोडगा सांगितला. बेंबीवर तांब्याचा ढब्बू पैसा ठेवायचा आणि वरून पट्टा आवळायचा, आमच्या घरातल्या सगळ्यांच्या बेंब्या अशाच बसवल्या. हिंदुरावाला हे तिथल्या तिथं पटलं. ढिलं पडलं की आवळायचं, हे तालमीतलं शास्त्र त्याला पाठ होतं. त्यानं जुन्या लंगोटाची पट्टी फाडली, पैसा ठेवला आणि दिली पैलवानी गाठ. त्याची बायको सगुणा म्हणत होती की, अहो, पोरीला श्वास तरी घेऊ द्या. पण ऐकतो कोण?

थोड्याच दिवसांत पट्ट्याखालची कातडी लालभडक झाली, पाणी सुटलं, वास यायला लागला. आणि पट्टा सोडला की बेंबी पुन्हा टुणकन वर! मग मात्र सगुणानं कुणाला विचारलं नाही. पोर कडेवर घेतली आणि तालुक्याच्या दवाखान्याची वाट धरली. पैलवान मागोमाग गेला.

तिथं लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, कामतबाई. पैलवानाची गाठ त्यांना सुटेना, शेवटी कात्री लावावी लागली. त्यांनी कातडीला मलम लावलं आणि समजावून सांगितलं. याला बेंबीचा हर्निया म्हणतात. नाळेच्या जागी पोटाच्या भिंतीला बारीक भोक राहून गेलंय, त्यातून आतडं डोकावतं. नाण्यानं ते बुजत नाही, कातडी मात्र सडते. बहुतेक मुलांचं ते वाढत्या वयात आपोआप मिटतं. चार-पाच वर्षांची होईपर्यंत बघायचं, नाहीच मिटलं तर छोटंसं ऑपरेशन करायचं.

आता हिंदुराव कसला थांबतोय! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आजच्या आज कापून टाका म्हणून तो हटून बसला. बाईंनी त्याला बोलू दिलं. मग त्याचं मुसळासारखं बोट धरलं आणि सगुणाच्या मांडीवर निजलेल्या तानीच्या बेंबीवर अलगद ठेवलं. बेंबी मऊ होती. जराशी दाबली तशी गुडगुड करत आत गेली.

"हे मऊपण बोटाला पाठ करा, पैलवान," बाई म्हणाल्या. "जे बहुधा आपोआप बरं होणार, त्याला आज सुरी नको. पण ही कधी कडक झाली, आत जाईना, रंग बदलला, पोर कळवळून रडायला लागली, ओकायला लागली, तर घटकाभरही थांबायचं नाही. असाल तसे निघायचं."

परतताना पैलवान घुश्श्यात होता. नुसतं बघत बसा म्हणे, हे काय औषध झालं? पण संध्याकाळी तालमीत दोन पोरांची झुंज लागली होती आणि वस्ताद ओरडत होते, नजर कमरेवर, नजर कमरेवर! हिंदुरावाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, बाईंनी हेच तर सांगितलं की!

तेव्हापासून तानीला अंघोळ घालायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. बोट टेकवायचा, मऊ लागली की खूश व्हायचा. लोक चिडवायचे, एवढा मोठा पैलवान आणि लेकीची बेंबी बसवता येईना! तो हसून म्हणायचा की, बसेल तिची ती, मी बघतोय. तानी चालायला लागली, धावायला लागली, बापाच्या पाठीवर बसून जोर मारायला लागली. कधी नव्हे तो हिंदुराव थांबायला शिकला.

आणि मग आली गावची जत्रा! शेवटची मोठी कुस्ती हिंदुरावाची, चांदीच्या गदेसाठी, आणि समोर बेळगावकडचा मल्लाप्पा. काय ती गर्दी! माणसं झाडांवर, कौलांवर. हलगी अशी कडाडत होती की छातीत धडधडावं. सलामी झाली आणि दोघे भिडले. एरवी हिंदुरावानं तेव्हाच झेप टाकली असती. आज तो थांबला. नजर मल्लाप्पाच्या कमरेवर. मल्लाप्पा जरासा झुकला मात्र, हिंदुरावानं त्याला खाली घेतला आणि मानेवर घिस्सा डाव टाकला. आता फक्त उलटा करायचा होता. फड उठून उभा राहिला.

तेवढ्यात हौद्याच्या कडेला सगुणा आली. त्या गावात बायका हौद्याच्या वाऱ्यालाही येत नसत, लांब टेकाडावर बसत. ती आली, गर्दी चिरत आली, कडेवर तानी. पोर कळवळत होती, आईच्या खांद्यावर ओकली होती.

"अहो, आत जाईना," सगुणा म्हणाली.

हिंदुरावानं पकड सोडली. कडेला येऊन मातीचा हात लंगोटाला पुसला आणि बोट टेकवलं. बेंबी दगडासारखी कडक, वर निळसर झाक. पंच म्हणाले की, पोरं रडतातच, एवढा डाव मारून जा. हाताशी आलेली गदा, सगळ्या मुलखासमोर! पण पैलवानानं मागं वळून पाहिलं नाही. पोर छातीशी धरली आणि लंगोटावरच धूम ठोकली. मागून आरोळी उठली, "पळाला रे, हिंदुराव पळाला!"

हौद्याबाहेर एक जीप घुर्र करत शेजारी येऊन थांबली. चालवायला कोण, तर मातीनं माखलेला मल्लाप्पा! त्यानं दार उघडलं आणि हिंदुराव, सगुणा आत शिरले. खड्ड्यातून, गर्दीतून, शिव्या खात जीप तालुक्याला पोचली. कामतबाईंनी बोट टेकवलं आणि तानीला मोठ्या दवाखान्यात नेऊन तिथल्या सर्जनकडून तडक ऑपरेशन करवलं.

बाई बाहेर आल्या. भोकात अडकलेलं आतडं सुटलं होतं, खराब व्हायच्या आत सुटलं होतं. भोक शिवून टाकलं होतं. पैलवान पोरासारखा रडला.

रडून झाल्यावर त्यानं विचारलं, "बाई, मग पहिल्यांदाच कापलं असतं तर?"

"असं फार थोड्यांना होतं, पैलवान," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना कापायचं कशाला? त्या थोड्यांसाठीच तर तुमच्या बोटाला शिकवलं होतं."

पंचांनी गदा मल्लाप्पाला देऊ केली, पण त्यानं हात लावला नाही. आमची कुस्ती अजून व्हायची आहे, एवढंच तो म्हणाला. पुढच्या जत्रेला ती पुन्हा लागली. हिंदुराव आला, खांद्यावर तानी, तिची बेंबी चांगली आत बसलेली. त्यानं तिला हौद्याच्या काठावर सगुणाच्या मांडीवर दिलं. त्या साली सगुणा तिथंच बसली होती आणि तिला कुणी ऊठ म्हटलं नाही. मागच्या सालचा तोच आगाऊ आवाज गर्दीतून आला, "पैलवान, औंदा पळणार न्हाईस न्हवं?"

हिंदुरावानं अंगाला माती लावता लावता वर पाहिलं.

"वेळ आली तर पुन्हा पळीन की," तो म्हणाला, आणि आनंदानं शड्डू ठोकला.

तात्पर्य: घाईनं आवळू नये आणि गाफील बसू नये, थांबायचं तर नजर ठेवून थांबावं, आणि धावायची वेळ आली की लोक काय म्हणतील ते मागं टाकून धावावं.