रक्ताला नमस्कार

"मग घेताय ना परत?" रवळूनं गुरूंनी दिलेली सनई त्यांच्याच, खंडूबुवांच्या पुढ्यात ठेवली. आवाज चढला होता, पण हात काही केल्या सनईवरून उठेना.

"झालं काय?"

"देवी कोपली, बुवा. फुंकलं की तोंडातल्या पत्तीला रक्त लागतं. असली विटाळलेली सनई देवळात कशी वाजवू?"

पंचक्रोशीत रवळूच्या तोडीचा सनईवाला नव्हता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. त्याच्यावर कोपायचं तर देवीनंच. त्याहून खालचं कुणी त्याला चाललं नसतं.

"आ कर," बुवा म्हणाले.

सुजलेल्या, लालभडक हिरड्या त्यांनी उजेडाकडे वळवून निरखल्या. एकेक दात अंगठ्यानं हलवून पाहिला. एकही हलला नाही.

"दात घासतोस?"

"रक्त यायला लागल्यापासून नाही. जखमेवर कोण घासतं? मशेरी तेवढी लावतो. तिनं रक्त कमी येतं."

बुवांनी हात पुढे केला. रवळूनं कमरेची डबी काढून दिली. बुवांनी ती चुलीत रिकामी केली.

"हिनं रक्त दबतं. रोग आत चालूच राहतो. दातांच्या मुळाशी कीटण साचलंय, ते डॉक्टरकडून काढून घे. आणि रक्त येतं तिथंच ब्रश फिरव. मऊ ब्रश, हलका हात. सकाळी आणि झोपताना."

"आणि देवीचं काय?"

बुवांनी पत्तीवरचा तांबूस डाग पाहिला, आणि त्याला दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

"रक्ताला नमस्कार...?"

"दुखत होतं का तुला?"

"नाही."

"मग दुसरं कोण सांगणार होतं?"

रवळू धुसफुसतच निघाला. जाताना सनई मात्र घेऊन गेला.

डॉक्टरनं कीटण खरवडून काढलं. सुरुवातीला ब्रश लाल व्हायचा. मग गुलाबी. मग नुसता पांढरा फेस.

नवरात्रात त्यानं देवीपुढे पहाटेची भूपाळी वाजवली. वाजवून झाल्यावर पत्ती पाहिली. स्वच्छ होती. भरल्या डोळ्यांनी तो तडक बुवांकडे आला आणि त्यानं त्यांचे पाय धरले.

"बुवा, गेलेली सनई तुम्ही हातात दिलीत. हे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत... एकच मागतो. उद्या माझ्यासोबत तुम्हीही वाजवा."

बुवांनी सनई सोडून वर्षं लोटली होती. वैराग्य आलं म्हणून सोडली, असं सारा गाव आदरानं सांगायचा.

बुवा हसले. तोंडात बोटं घालून त्यांनी वरची कवळी काढली, खालची काढली, आणि दोन्ही तळहातावर ठेवल्या. त्यांचे गाल आत गेले.



"मला रक्त कधी आलंच नाही रे," बुवा बोबड्या आवाजात म्हणाले. "मी मशेरी लावायचो."