मगरींचं भांडण आणि कासवाचा शब्द

फार मागची गोष्ट. त्या दिवशी आभाळ अगदी निवळलेलं होतं, खाडीवर वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. कासव पाठीवर दिव्याच्या तेलाची बुधली घेऊन मुंगसाकडं निघालं. ठराव असा होता, की दिवेलागणीच्या आत तेल पोचवायचं, नाहीतर हे काम पाणमांजराला. वादळ आलं तरच उशीर माफ.

पण खाडीच्या तोंडाशी दोन मगरी ऊन खायच्या खडकावरून भांडत होत्या. शेपट्यांच्या फटकाऱ्यांनी वाटच बंद झाली होती. कासव बिचारं चिखलातून लांबच्या वळणानं गेलं, आणि पोचेस्तोवर अंधार पडला.

"वादळ कुठंय रे? पान तरी हललं का?" काळोखात बसलेलं मुंगूस म्हणालं.

"वादळ नव्हतं बाबा, मगरी भांडत होत्या."

"मगरी आपल्या ठरावात नाहीत," मुंगूस म्हणालं, आणि कासवाचं काम गेलं.

परतताना कासव बघतं तर काय, त्याच खडकावर दोघी मगरी शेजारी शेजारी घोरत पडलेल्या!

घराशी शेजारचा बगळा भेटला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मीही आज लांबून उडत आलो. कासवदादा, आपण शब्द देताना नुसतं आभाळ बघतो. पुढच्या वेळी मगरींची तोंडंही बघून घे."