झुबकीचा दाणा आणि हवेचं इंजिन

एक होती खार. एवढीशी! शेपूट मात्र हे एवढं! म्हणून तिचं नाव झुबकी.

एकदा झुबकीला सापडला शेंगदाणा. आईने दिलेला नाही. दादाने दिलेला नाही. स्वतः शोधलेला, पहिलावहिला! झुबकी खूश. दाणा तोंडात धरला आणि निघाली टुणुक टुणुक. खिडकीतून आत. थेट बकुळाआत्याच्या टेबलावर.

बकुळाआत्याला यंत्रं बनवायचा भारी नाद. घराच्या मागच्या खोलीत तिची कामं चालायची. ठाक ठाक, खर्र खर्र. आता तिने बनवलं होतं गरम हवेचं इंजिन. ताटलीत मावेल एवढंसं. नवं कोरं. अजून एकदाही न चाललेलं.

झुबकीने मारली उडी. तोंड उघडलं. दाणा पडला, टप्प! कुठे पडला? इंजिनच्या चाकात. चाक आणि खांब यांच्या मधोमध.

झुबकीने ओढला. हूं! निघेना. पुन्हा ओढला. हूंऽऽ! निघेना. झुबकीला रडूच आलं. पण रडत बसेल ती झुबकी कसली? तिने नाक पुसलं.

"चाका चाका, फिर ना! माझा दाणा सोड ना!"

चाक म्हणालं, "आधी दांडा ढकलेल, मग मी फिरेन."

झुबकी गेली दांड्याकडे. टुणुक टुणुक.

"दांड्या दांड्या, ढकल ना!"

"का गं झुबके?"

"दांडा ढकलेना, चाक फिरेना, माझा दाणा सुटेना!"

दांडा म्हणाला, "आधी दट्ट्या हलेल, मग मी ढकलीन."

दट्ट्या बसला होता नळीत. गोल गोल, गुळगुळीत. झुबकी गेली टुणुक टुणुक.

"दट्ट्या दट्ट्या, हल ना!"

"का गं झुबके?"

"दट्ट्या हलेना, दांडा ढकलेना, चाक फिरेना, माझा दाणा सुटेना!"

दट्ट्या म्हणाला, "आधी हवा फुगेल, मग मी हलेन."

आता हवा कुठे शोधायची? हवा काही दिसत नाही. तुम्ही पाहिलीय कधी? झुबकीनेही नव्हती पाहिली. पण नळीला जोडलेला होता एक डबा. त्याला कान लावला, तर आत कोणीतरी झोपलं होतं. घुर्र घुर्र. तीच हवा!

"हवे हवे, फुग ना!"

"का गं झुबके?" हवेने जांभई दिली.

"हवा फुगेना, दट्ट्या हलेना, दांडा ढकलेना, चाक फिरेना, माझा दाणा सुटेना!"

हवा म्हणाली, "आधी डबा तापेल, मग मी फुगेन." आणि पुन्हा झोपली. घुर्र घुर्र.

"डब्या डब्या, ताप ना!"

"का गं झुबके?"

"डबा तापेना, हवा फुगेना, दट्ट्या हलेना, दांडा ढकलेना, चाक फिरेना, माझा दाणा सुटेना!"

डबा म्हणाला, "आधी दिवा पेटेल, मग मी तापेन."

दिवा होता डब्याच्या खाली. झुबकी गेली टुणुक टुणुक.

"दिव्या दिव्या, पेट ना!"

"का गं झुबके?"

"दिवा पेटेना, डबा तापेना, हवा फुगेना, दट्ट्या हलेना, दांडा ढकलेना, चाक फिरेना, माझा दाणा सुटेना!"

दिवा म्हणाला, "आधी आत्या काडी ओढेल, मग मी पेटेन."

झुबकी गेली आत्याकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. आता जरा दमलीच होती.

"आत्या आत्या, काडी ओढ ना!"

"का गं झुबके?"

"आत्या काडी ओढेना, दिवा पेटेना, डबा तापेना, हवा फुगेना, दट्ट्या हलेना, दांडा ढकलेना, चाक फिरेना, माझा दाणा सुटेना!"

आत्या म्हणाली, "अगं बाई! नवं इंजिन आहे हे. नारळ फोडल्याशिवाय सुरू करायचं नसतं. आणि नारळ बसलाय वर फळीवर! माझे गुडघे करतात करकर. शिडी कोण चढणार? आधी नारळ येईल, मग मी काडी ओढीन."

झुबकी चढली फळीवर. सरसर सरसर.

"नारळा नारळा, ये ना!"

"का गं झुबके?"

झुबकीने घेतला मोठ्ठा श्वास.

"नारळ येईना, आत्या काडी ओढेना, दिवा पेटेना, डबा तापेना, हवा फुगेना, दट्ट्या हलेना, दांडा ढकलेना, चाक फिरेना, माझा दाणा सुटेना!"

आता नारळ काय म्हणणार? आधी कोण, मग कोण?

नारळ म्हणाला, "येतो की! मी तर कधीचा वाट बघतोय. सगळे येतात, कानाशी धरून हलवतात आणि परत ठेवून देतात. सरक बाजूला!"

नारळ निघाला गडगड गडगड. खाली होतं भुशाचं पोतं. धप्प!

आत्याने इंजिनला कुंकवाचं बोट लावलं. नारळ फोडला, फटाक्! मग काडी ओढली, चर्रर्र!

दिवा पेटला, भक्!

डबा तापू लागला. त्याला लागतो वेळ. तोवर आत्या खोबरं काढत बसली. झुबकी बसली दाण्याकडे बघत.

डबा तापला. हवा जागी झाली, फुगली, फुस्स! दट्ट्या हलला, चुक्! दांडा ढकलू लागला, खट्! आणि चाक?

चाक नुसतंच थरथरलं. फिरेचना!

"अरे चाका, आता काय झालं?" झुबकी ओरडली.

चाक म्हणालं, "माझी पहिलीच वेळ आहे. पहिला धक्का कोण देणार?"

"खरंच की!" आत्या म्हणाली. "याला पहिला धक्का हातानेच द्यावा लागतो. माझे हात ओले झालेत. झुबके, तूच दे. पण गरम डब्याला शिवू नकोस हं!"

झुबकी पुढे झाली. तिने इवलासा पंजा उचलला. चाकाला दिला एवढासा धक्का.

चाक फिरलं! टप्पकन दाणा सुटला! आणि चाक फिरतच राहिलं. फटफट फटफट, फटफट फटफट!

"चाललं गं बाई चाललं!" आत्याने टाळ्या पिटल्या. गुडघे विसरून गिरकीच घेतली. झुबकीने शेपूट नाचवलं. हवा फुगत होती, आक्रसत होती. कसली झोप नि कसलं काय!

मग झुबकीने दाणा उचलला. नीट पुसला.

आत्या म्हणाली, "झुबके, अर्धा मला देतेस?"

झुबकी म्हणाली, "अं हं! तुला खोबरं आहे की!"

आणि अख्खा दाणा खाल्ला. कुटुकुटु कुटुकुटु.

दिवा विझला, हवा गार,
आपली गोष्ट झाली पार!